अल्प भूक आणि देहाची पुष्टी

आपल्याकडील पंक्तीत आग्रह हा आतिथ्याचा अविभाज्य भाग मानला गेला आहे, आणि ज्याच्या अंगावर मांस कमी त्याच्या पानावर हा आग्रह अधिक जोराने होतो, ही गोष्ट कृश देहाच्या माणसास निराळी सांगावयास नको. वाढणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो; परंतु ज्याची भूकच मुळात थोडी, त्याला दुसऱ्या पोळीनंतर पानात पडलेली तिसरी पोळी शिक्षेसारखी वाटू लागते, आणि पुढे पुढे तर जेवणाची वेळ जवळ आली की मनावर दडपण येऊन असलेली भूकही मावळते. स्थूलतेविषयी आजकाल उदंड लिहिले जाते. कृशतेविषयी मात्र ‘भरपूर खात जा’ एवढ्या सल्ल्यावर बोळवण होते. हा सल्ला निष्फळ ठरतो, कारण जी गोष्ट त्या माणसास साधत नाही नेमकी तीच त्यात त्याला करावयास सांगितलेली असते. अल्प भुकेच्या माणसाचे पोषण पानातील अन्नाचे आकारमान वाढवून होत नाही. प्रत्येक घासातील सत्त्व वाढविणे, खाण्याच्या वेळा मुक्रर करणे आणि स्नायूंना रोज काही काम देणे या तीन गोष्टींनी ते होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम कृश कोणास म्हणावे, हे ठरविले पाहिजे. केवळ दिसण्यावरून हा निवाडा करणे योग्य नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाने माणसाचे वजन आणि त्याच्या उंचीचा वर्ग यांतील संबंध मांडला, आणि आज दवाखान्यांतून ‘बीएमआय’ या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक त्यातूनच निघाला. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणारा आकडा १८.५ हून कमी असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानाने त्या प्रौढ व्यक्तीचे वजन अपुरे समजले जाते. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत ही सीमा सुमारे ४७ किलोवर येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के, आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी १६.२ टक्के या सीमेच्या खाली आढळले. स्थूलतेची चर्चा कितीही वाढली असली, तरी कृशतेचा प्रश्न या देशात इतिहासजमा झालेला नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

जन्मापासून सडसडीत असलेला, पण उत्साहाने वावरणारा, क्वचितच आजारी पडणारा मनुष्य आणि गेल्या काही महिन्यांत ज्याचे कपडे सैल होत चालले आहेत असा मनुष्य, यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि हे अंतर ओळखल्यावाचून आहाराच्या वाटेस जाणे धोक्याचे आहे. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाचा विसावा हिस्सा कमी झाला असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, रात्री घामाने अंथरूण भिजत असेल, किंवा जेवण पूर्वीइतकेच असून देह मात्र खंगत असेल, तर पहिला इलाज वैद्यकीय तपासणीचा होय. क्षय, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचा अतिरिक्त स्राव, आतड्यांचे विकार, कर्करोग, पोटातील जंत, मनाची दीर्घ खिन्नता, काही औषधांचा परिणाम, इतकेच काय पण चावताना दुखणारे दात, यांपैकी कशामुळेही वजन उतरू शकते; आणि वजन वाढेल या भयाने अन्न नाकारणे हाही एक गंभीर मानसिक आजार आहे, ज्यात घरातील लाडू कामास येत नाहीत, तज्ज्ञाचे उपचारच घ्यावे लागतात. पुढील विवेचन आहे ते अशा रोगांचा निरास झाल्यानंतर उरणाऱ्या, केवळ भूक थोडी म्हणून कृश राहिलेल्या माणसासाठी.

भूक ही इच्छाशक्तीची गोष्ट आहे असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि कमी जेवणारास जो दोष दिला जातो त्याचे मूळ या समजात आहे. वस्तुतः भूक आणि तृप्ती यांचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागातून चालतो, आणि त्याजकडे शरीराच्या निरनिराळ्या ठिकाणांहून अहोरात्र वर्दी येत असते. अन्नाने जठराच्या भिंती ताणल्या गेल्या म्हणजे व्हेगस या चेताशिरेवाटे तशी वार्ता मेंदूस पोहोचते. स्निग्ध व प्रथिनयुक्त अन्न लहान आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन नावाचा अंतःस्राव सुटून जठर रिकामे होण्याची गती मंदावते. आणि देहातील चरबीच्या साठ्याचा दाखला लेप्टिन हा अंतःस्राव देत राहतो, ज्याचा शोध १९९४ साली लागला. याच्या उलट, रिकाम्या जठरातून घ्रेलिन हा भूक जागविणारा अंतःस्राव रक्तात उतरतो. तो १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी शोधून काढला. कोणाच्या जठरातून तृप्तीची वार्ता लवकर निघते, कोणाचे जठर सावकाश रिकामे होते. वार्धक्यात तर या दोन्ही गोष्टी घडतात, आणि त्यांत गंध व रुची यांची क्षीणता, तोंडाचा कोरडेपणा व अनेकदा एकट्याने जेवण्याचा प्रसंग यांची भर पडते. अशा माणसावर रागावणे म्हणजे त्याच्या शरीररचनेवर रागावणे होय.

देहाची अंगलट घराण्यावरही अवलंबून असते. १९९० साली क्लोद बुशार व त्यांचे सहकारी यांनी कॅनडात केलेल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस प्रतिदिनी १,००० उष्मांक अधिक खाऊ घातले. तेव्हा कोणाचे वजन सुमारे चार किलोंनी वाढले, तर कोणाचे तेरा किलोंहून अधिक, आणि एकाच जोडीतील दोन भावांची वाढ मात्र परस्परांशी बरीच जुळती आढळली. पुढे १९९९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी १६ जणांवर असाच प्रयोग आठ आठवडे केला, आणि असे दाखवून दिले की काही माणसांचे शरीर जादा अन्न मिळताच नकळत अधिक हालचाल करू लागते, त्यांची चुळबूळ, उठबस, उभे राहणे वाढते, आणि ती जादा जमा अशा रीतीने परस्पर खर्ची पडते. त्यामुळे दोन महिने नेटाने खाऊनही काटा हलला नाही, म्हणून कोणी स्वतःस करंटा समजू नये. त्याच्या देहाचा खर्च मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग अल्प भुकेच्या माणसाच्या जठरातील थोड्या जागेत पुष्कळ सत्त्व बसवावे कसे? या प्रश्नाचे मर्म आपल्या वैद्यकाने फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहांचा विचार आला आहे. तेथे कृशतेपेक्षा स्थूलता अधिक दुःसाध्य ठरविली आहे, आणि कृशाच्या पोषणासाठी पचण्यास हलके, परंतु तृप्ती व पुष्टी देणारे अन्न योजावे, असा नियम घालून दिला आहे. दूध, दही, तूप, तांदूळ, गहू, उडीद, ऊस व गूळ यांच्या बरोबरीने निद्रा, आनंद आणि मनाची निश्चिंती यांनाही तेथे उपचारांचे स्थान मिळाले आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कारण पानावरचा तगादा हा त्या निश्चिंतीचाच घात करतो.

आधुनिक आहारशास्त्राची परिभाषा निराळी असली, तरी ते याच निष्कर्षास येते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ उष्मांक असतात, तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात सुमारे १३०, आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक. पोट भरल्याची वार्ता मेंदूस मुख्यतः आकारमानावरून मिळत असल्याने, जो मनुष्य जेवणाच्या आरंभी पेलाभर पाणी पितो, मग पातळ आमटी भुरकतो, वाटीभर काकडी-टोमॅटो खातो आणि नंतर भाकरीकडे वळतो, त्याची भूक भाकरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपलेली असते. काकडी वाईट नव्हे आणि आमटीही वाईट नव्हे. परंतु ज्याच्या पोटात जागा थोडी, त्याने आधी सत्त्वाचे घास घ्यावेत आणि पाणी व पातळ पदार्थ शेवटी वा दोन जेवणांच्या मधल्या वेळेस घ्यावेत. जेवणाच्या तोंडावर घेतलेला चहा तर दुहेरी हानी करतो. तो भूक मारतो, आणि धान्य व भाजीपाला यांतील लोहाच्या शोषणासही अडथळा आणतो.

सत्त्व वाढविण्याची युक्ती महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात परंपरेनेच नांदत आली आहे. तिचा हेतुपुरस्सर उपयोग करण्याचेच काय ते काम उरते. भाजी किंवा कोशिंबिरीत घातलेले दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे कूट पानाचे आकारमान जवळजवळ न वाढविता शंभराहून अधिक उष्मांक आणि सुमारे पाच ग्रॅम प्रथिने देऊन जाते. मऊ भात, मेतकूट आणि दोन लहान चमचे साजूक तूप हा आजारातून उठलेल्यास देण्याचा घास. त्यातील तुपाचेच ९० उष्मांक होतात, आणि जिभेस चव येते ती निराळीच. अनेक पिठांचे थालीपीठ व त्यावर लोणी, तिळाची वा शेंगदाण्याची चटणी तेलात कालवून, दुधात केळी कुस्करून केलेले शिकरण, अळिवाची खीर, खारीक-खोबऱ्याचा डिंकाचा लाडू, दुधात शिजविलेले नाचणीचे सत्त्व, गूळ घालून कालविलेले सातूचे पीठ, दह्याऐवजी चक्का, हे सर्व पदार्थ थोडक्या जागेत पुष्कळ काही देणारे आहेत. कोकण आणि गोमंतकात पेजेबरोबर बांगडा किंवा तारली यांसारखे स्निग्ध मासे खाण्याची रीत आहे; ज्यांस मत्स्याहार चालतो त्यांच्यासाठी प्रथिने व हितकर स्निग्धांश या दोहोंची तजवीज त्यात एकदमच होते. अंडी खाणाऱ्यांसाठी तर एका अंड्यातील सहा ग्रॅम प्रथिने हा थोडक्यात मिळणारा मोठा लाभ आहे.

या सर्वांचा हिशेब एका दिवसाच्या खतावणीत मांडून पाहू. सकाळच्या दुधात दूधभुकटीचा एक मोठा चमचा विरघळविला, तर सुमारे ५० उष्मांक वाढतात. थालिपिठावरील दोन लहान चमचे लोण्याचे ७०. दुपारच्या भातावरील तुपाचे ९०. कोशिंबिरीतील कुटाचे ११०. आणि तिसऱ्या प्रहरी एक केळे व दोन खजूर यांचे सुमारे दीडशे. बेरीज साडेचारशेच्या पुढे जाते, आणि यात एकही पोळी वाढलेली नाही, भाताची मूदही तेवढीच आहे. शरीराचे एक किलो वजन वाढण्यास स्थूलमानाने सात-साडेसात हजार उष्मांकांची शिल्लक लागते असे धरले, तर आठवड्यास पाव ते अर्धा किलो ही वाढ उचित आणि टिकाऊ समजावी. याहून घाई करण्यात हित नाही. मात्र एक सावधगिरी हवी: स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याची गती मंद करतात, यास्तव ते एकाच जेवणात लोटू नयेत, दिवसभरात विभागून घ्यावेत, आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तूप, गूळ व प्रथिने यांचे प्रमाण वैद्याच्या अनुमतीवाचून ठरवू नये.

खाण्याच्या वेळांचा बंदोबस्त हा दुसरा भाग. ज्याच्या जठरात एका वेळी थोडेच मावते, त्याने दोन मोठ्या जेवणांवर भिस्त न ठेवता दोन-अडीच तासांच्या अंतराने पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे, आणि या वेळा शक्यतो बदलू नयेत. कारण घ्रेलिनची पातळी नेहमीच्या जेवणाच्या वेळेपूर्वी आपोआप वर चढते, आणि नियमाने खाणाऱ्याची भूक काही आठवड्यांत त्या वेळांना रुळते. भूक लागेल तेव्हा खाऊ, असे म्हणणाऱ्या अल्पाहारी माणसाचे दोन प्रहर नुसते चहावर निघून जातात, हे अनेक घरांतील नित्याचे दृश्य आहे. घन अन्न जाईनासे झाले म्हणजे पेयाचा आश्रय घ्यावा, कारण तेवढेच उष्मांक द्रवरूपाने घेतले असता तृप्तीची भावना कमी होते; पण ते पेय दूध, लस्सी, सातू, खजूर घातलेले दूध अशा जातीचे असावे. बाटलीबंद गोड पेये, तळलेल्या पदार्थांच्या पुड्या आणि मिठाई यांनी काटा पुढे सरकेलही, परंतु त्या वाढीस आरोग्य म्हणता येणार नाही.

असे का, याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधनाने फार प्रभावीपणे दिले आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोन वैद्यकतज्ज्ञांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय देह वरून सडपातळ दिसत असता आतून मेदयुक्त असू शकतो, आणि मधुमेहाचा धोका त्यास कमी वजनावरच गाठतो, हा याज्ञिकांच्या दीर्घ संशोधनाचा इशारा आहे. तेव्हा कृश माणसाने वजन वाढविताना पोटाचा घेर वाढविला आणि दंड-मांड्या तशाच राहिल्या, तर त्याने एक व्याधी टाळून दुसरीस आमंत्रण दिले असेच म्हणावे लागेल.

यास्तव प्रथिने आणि व्यायाम ही जोडी अपरिहार्य ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ४५ किलो वजनाच्या माणसास सुमारे ३७ ग्रॅम. शरीर नव्याने भरून काढावयाचे असता, तसेच वार्धक्यात, ते किलोमागे एक ग्रॅमच्या किंचित पुढे जावे हे इष्ट. डाळ-तांदूळ, भाकरी-पिठले, उसळ-पोळी या आपल्या जोड्यांत धान्य व कडधान्य एकमेकांतील प्रथिनांची उणीव भरून काढतात. मात्र पिठले वा उसळ तोंडी लावण्यापुरती न राहता वाटीभर असली पाहिजे. परंतु प्रथिनांनी स्नायू बनावयाचे तर स्नायूंकडे त्यांची मागणी निर्माण झाली पाहिजे, आणि ती मागणी भार उचलणाऱ्या, ताण देणाऱ्या व्यायामानेच होते. कोल्हापूरच्या तालमींत दूध-बदामाच्या खुराकाबरोबर जोर-बैठकांचा शिरस्ता आहे, तो याच कारणाने योग्य आहे. सर्वांनीच आखाड्यात उतरावे असे नव्हे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा ध्यासपूर्वक प्रसार केला ते सूर्यनमस्कार, भिंतीला टेकून केलेले जोर, खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढेही आरंभास पुरेसे आहे. संध्याकाळच्या मोकळ्या हवेतील फेरीने अनेकांची भूकही सुधारते.

येथे एका गंभीर धोक्याचा उल्लेख टाळता येत नाही. ज्याने अनेक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, किंवा जो रोगाने अत्यंत खंगला आहे, त्यास एकाएकी भरपूर अन्न देणे प्राणघातक ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या उपाशी बंद्यांच्या बाबतीत हा कटू अनुभव आला. अन्न मिळताच रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम इत्यादी क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय, श्वसन व मेंदू यांचे कार्य ढासळते. अशा माणसाचे पोषण घरी न करता वैद्यकीय देखरेखीखाली, पायरीपायरीनेच झाले पाहिजे.

वजनातील थोड्या वाढीचे मोल किती असू शकते, हे झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले आहे. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांचे सहकारी यांनी क्षयाच्या २,८०० रुग्णांना औषधोपचाराबरोबर शिधा पुरविला, आणि अभ्यासातील सुमारे निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांनाही अधिक शिधा दिला. ज्या कुटुंबांना हा शिधा मिळाला त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने ३९ टक्क्यांनी कमी आढळले. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाच्या बाबतीत हे ५ टक्के म्हणजे अवघे दोन किलो. केंद्र सरकारने २०१८ पासून क्षयरुग्णांस पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना चालविली आहे, आणि २०२४ अखेरपासून ती रक्कम १,००० रुपये केली आहे. ज्या घरात असा रुग्ण असेल त्यांनी हा आपला हक्क अवश्य वसूल करावा.

शेवटी, आपल्या घरांतील एका जुन्या अन्यायाविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ‘मला भूकच नाही’ असे म्हणणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी का, याचा विचार कोणी करावा? सर्वांस वाढून झाल्यावर, थंड झालेल्या अन्नातील उरलेला हिस्सा उभ्या उभ्या खाणारी, उपवासांच्या दिवशी चहा व चार दाणे साबुदाणा यांवर राबणारी, आणि दूध-तूप पुरुषांच्या व मुलांच्या पानांसाठी राखून ठेवणारी गृहिणी वर्षानुवर्षे कमी खात आली, म्हणजे तिची भूक थोडी आहे असे घरातील सर्वांस, आणि कालांतराने तिला स्वतःसही, वाटू लागते. तिच्या बाबतीत पहिला उपचार म्हणजे ती सर्वांबरोबर पानावर बसेल आणि तुपाची वाटी तिच्याकडेही तितक्याच वेळा फिरेल अशी व्यवस्था घरात लावणे. वृद्धांच्या बाबतीतही तेच. एकट्या जेवणाऱ्या आजोबांच्या शेजारी कोणी बसले, तर ते दोन घास अधिक जेवतात. अल्प भूक हा दोष नव्हे, आणि कृश माणूस हा कुटुंबाच्या थट्टेचा विषयही नव्हे. त्याच्या पानात थोडेच वाढावे, पण उत्तम वाढावे, वेळेवर वाढावे, आणि महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून त्याची नोंद ठेवावी. चार-सहा महिन्यांच्या अशा धिम्या, अखंड क्रमाने येणारी पुष्टी ही पंक्तीतील हजार आग्रहांहून अधिक मोलाची ठरेल, कारण ती देहास झेपेल अशाच गतीने आलेली असते.